उच्च माध्यमिक स्तरावरील नाट्यअध्यापन : ‘युवकभारती’तील तीन नाटकांच्या निमित्ताने

प्रस्तावना :
इयत्ता अकरावीच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात ‘नाटक’ या साहित्यप्रकारासाठी स्वतंत्र विभाग आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘सुंदर मी होणार’, प्रशांत दळवी यांचे ‘ध्यानीमनी’ व दिलीप प्रभावळकर यांचे ‘हसवाफसवी’ या नाटकांतील उतारे त्यात समाविष्ट आहेत. ही निवड स्वागतार्ह आहे. मात्र नाट्यउतारा कथेप्रमाणे वाचून केवळ स्वभावचित्रणाची उत्तरे लिहून घेतल्यास नाटकाचे खरे शिक्षण घडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विवेचन :
‘ध्यानीमनी’तील आई प्रत्यक्षात नसलेल्या मुलासह संसार करते. मूकवाचनात ती केवळ कथानकाची कलाटणी ठरते. संवाद म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र रिकाम्या जागेकडे पाहून मायेने बोलावे लागते. तिला वेडी ठरविण्याआधी तिचे दुःख जाणून घ्यावे लागते. ‘हसवाफसवी’त प्रभावळकरांनी एकट्याने सहा भूमिका साकारल्या. आवाज, चाल आणि उभे राहण्याची ढब यांतून माणूस कसा उभा राहतो, हे करून पाहिल्याशिवाय उमगत नाही. रुडॉल्फ बेझियर यांच्या ‘द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट’वर आधारित ‘सुंदर मी होणार’मधील दीदीराजे वडिलांच्या धाकात वावरते. तिच्या शब्दांइतकाच शब्दांपूर्वीचा विरामही बोलका असतो. हा विराम उत्तरपत्रिकेत उतरत नाही.

या निवडीची एक मर्यादाही नोंदवावयास हवी. तिन्ही नाटकांचे विश्व प्रामुख्याने मध्यमवर्गीय वा संस्थानी आहे. कोकण व कर्नाटक यांच्या सान्निध्यातील आजरा परिसरात विद्यार्थ्याची घरची बोली वेगळी असते. ती ‘अशुद्ध’ ठरण्याच्या भीतीने तो वर्गात गप्प राहतो. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांच्या या जन्मगावी तरी भाषेविषयी असा न्यूनगंड राहू नये. पात्राच्या निमित्ताने त्याला प्रमाणभाषा निर्भयपणे उच्चारता येते. तोच प्रसंग स्वतःच्या बोलीत मांडला, तर बोलीचे सामर्थ्यही कळते.

समारोप :
सर्वच विद्यार्थी नट होणार नाहीत. परंतु दुसऱ्याचे ऐकणे, त्याच्या जागी उभे राहणे आणि चारचौघांत बोलणे प्रत्येकास आवश्यक आहे. त्यासाठी रंगमंच नसला तरी चालेल. बाके बाजूस सारून एक तासिका मोकळी करावी आणि मूल्यमापनात संवादवाचनास स्थान द्यावे. अन्यथा नाटक शिकविले जाईल, पण विद्यार्थी मुकाच राहील.