नारळाचं झाड आणि रोही

शाळेच्या व्हरांड्यात चित्रकला स्पर्धेची चित्रं लागली की मी आधी नारळाची झाडं मोजतो. आमचं मालेगाव नाशिककडचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. इथं नारळ बघायचा तो किराणा दुकानात नाहीतर देवळाच्या पायरीवर. गावाबाहेर पडलं की कडुनिंब, बाभूळ, पळस, आंबा. पावसाळ्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि मधूनमधून तुरीची तासं. तरी ‘माझं गाव’ या विषयावरच्या चित्रांत दोन डोंगर असतात, मधून सूर्य उगवतो, बरोबरच्या खुणेसारखे पक्षी उडतात, नदीत होडी तरंगते आणि काठावर नारळ वाकलेला असतो. रंग भरलेले असतात मात्र अगदी निगुतीनं, रेघेबाहेर टिपूस जाऊ न देता.

असं चित्र काढणाऱ्या पोराला गाव दिसत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. बैलाच्या शिंगाचा बाक कुठल्या बाजूला आहे हे ते डोळे मिटून सांगेल. पण कागद पुढं आला की गाव बाजूला राहतं आणि मागच्या वर्षी ज्या चित्राला नंबर मिळाला, ते चित्र हातात येतं. हौशी चित्रकलेची आज आपल्या तालुक्यांच्या गावांत जी अवस्था आहे, ती मला या नारळात दिसते. चित्रं खूप निघतात, स्पर्धा वाढल्या आहेत, प्रमाणपत्रंही रंगीत झाली आहेत, आणि बघून काढलेलं चित्र शोधावं लागतं.

कला संचालनालयातर्फे होणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांबद्दल मला आदर आहे. खेड्यापाड्यातल्या हजारो मुलांच्या हातात ब्रश गेला तो या परीक्षांमुळं. त्यांतला स्मरणचित्राचा पेपर तर मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण पाहिलेलं आठव आणि मांड, एवढीच त्याची मागणी आहे. पण इंटरमिजिएटला ए श्रेणी आली की दहावीला ७ गुण, बीला ५, सीला ३ हे गणित घराघरात पोचलं आणि स्मरणाचं पाठांतर झालं. फुगेवाला, बसथांबा, विहिरीवरच्या बाया, भाजीबाजार अशा ठरलेल्या रचना घोटून घेतल्या जातात. फुगेवाल्याचा डावा पाय कसा काढायचा हे पाठ असतं. बाजारात खरा फुगेवाला कसा उभा राहतो हे कुणी पाहिलेलं नसतं.

स्पर्धा नकोतच, असं माझं म्हणणं नाही. स्पर्धेला एकच प्रश्न विचारता येतो, पहिला कोण? चित्राला आणि गोष्टीला तो प्रश्न फार अपुरा पडतो. त्यांना वाढवणारे प्रश्न वेगळे असतात. हा इथं का उभा आहे? पुढं काय झालं? घरातली माणसं, शेजारीपाजारी, मित्र एकमेकांना असे प्रश्न घालतात तेव्हा जे घडतं त्याला आपल्याकडं धड नावही नाही. मी त्याला पैज म्हणतो. ही पैज कुणी हरत नाही.

आपल्या भागाला ही रीत नवी नाही. आषाढी अमावस्येला, म्हणजे आमच्या जिवतीच्या अमावस्येला, भिंतीवर जिवतीचा कागद लागायचा. वर नरसिंह, खाली कालियावर नाचणारा कृष्ण, मग लेकरं घेतलेल्या जिवत्या, तळाशी हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. त्या चित्रापुढं बसून घरातली म्हातारी श्रावणभर कहाण्या सांगायची. आम्ही पोरं चित्रात बोट ठेवून विचारायचो, हा वाघावर कसा बसला? याला वाघ खात नाही का? कहाणी तिथं थांबायची आणि म्हातारी तिच्या मनचं काहीबाही जोडायची. चित्र छापील होतं, कहाणी पाठ होती, पण आमच्या घरचं जे काही होतं ते त्या जोडणीत होतं.

आणखी मागं जायचं तर वाशीमपर्यंत जावं लागेल. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवलं. त्या भिंतींवर गोष्टी चितारल्या आहेत, आणि त्या ओळीनं वाचता येत नाहीत. बघणाऱ्याला मान वळवून, पुढंमागं जाऊन, प्रसंग जोडत जावं लागतं. तिथली कला राजाश्रयाची आणि कसलेल्या हातांची, तिची घरगुती वहीशी तुलना करायची नाही. पण चित्रानं अर्धी गोष्ट सांगावी आणि उरलेली बघणाऱ्यावर सोपवावी, ही जाण या मातीला किती जुनी आहे ते त्यावरून कळतं.

भुलाबाईचा महिना मला पैजेच्या या कलेचा सर्वांत चांगला नमुना वाटतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, भुलाबाई-भुलोजीपुढं गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकलेला डबा वाजवून दाखवते. गोड का तिखट? फुटतो का चावतो? आवाज ऐकून अंदाज बांधायचे, चुकायचं, पुन्हा विचारायचं. ओळखता येऊ नये म्हणून ती बाई दुपारपासून डोकं चालवते. कुणी जिंको, खाऊ सगळ्यांना मिळतो. अलीकडं मंडपात भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा होतात, सारख्या साड्या, ठरलेली पाच मिनिटं, समोर परीक्षक. परंपरा टिकवण्याची त्यामागची तळमळ खरी आहे. पण त्या कार्यक्रमांत डबा नसतो. माझ्या मते गाभाच तिथं गळून पडला.

बाहेरच्या जगातही ही कला अशाच खेळांतून वाढली आहे. १९२५च्या सुमारास पॅरिसमधल्या अतिवास्तववादी मंडळींनी घडीच्या कागदाचा खेळ काढला. एकानं डोकं काढून कागद दुमडायचा, दुसऱ्यानं न बघता धड काढायचं, तिसऱ्यानं पाय. १९९०मध्ये स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकथाकारानं स्टीव्ह बिसेट या मित्राशी पैज लावली, चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा. दोन मित्रांतली ही पैज पुढं देशोदेशीच्या लोकांनी उचलली. २००९मध्ये जेक पार्करनं शाईचा हात सुधारावा म्हणून ऑक्टोबरभर रोज एक चित्र काढायचं ठरवलं आणि त्यातून इंकटोबर निघालं. आता दर ऑक्टोबरला ३१ शब्दांची यादी जगभर फिरते.

ती यादी आपल्याकडंही मोबाइलवर येते. २०२०च्या टाळेबंदीत तर घरोघरी अशा पैजा लागल्या. दिवसाला एक शब्द, एक चित्र, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं. एरवी पेन्सिल न धरणारे काका आणि वहिनी त्या दिवसांत चित्रं काढत होते, याचं मला मोल आहे. तरी त्या ग्रुपांवरची चित्रं आज पुन्हा पाहिली की दोन गोष्टी खटकतात. पहिली, सगळ्या चित्रांखाली एकच शब्द, मस्त. आठवीतल्या मुलीनं मनापासून काढलेल्या विहिरीलाही मस्त आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या मोरालाही मस्त. कुणी विचारलं नाही की विहिरीत डोकावणारी ही बाई कोण. दुसरी, पंधरवड्यानंतर चित्रं केवळ हजेरी लावायला काढलेली दिसतात. गोष्टींचं दुखणं निराळं. शेवटी तात्पर्य हवंच या धास्तीनं मुलं गोष्टीतल्या वाघाला चौथ्या ओळीत शहाणं करून टाकतात. आता मोबाइलला सांगून चित्र काढून घेण्याची सोय झाली आहे. असं चित्र गुळगुळीत असतं, पण काढणाऱ्याला त्याबद्दल काही विचारावं तर त्याच्याजवळ सांगायला काही नसतं.

आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात एक वही सुरू झाली. साधी दोनशे पानी. नियम एवढाच की एकानं डाव्या पानावर चित्र काढायचं, दुसऱ्यानं उजव्या पानावर त्याची गोष्ट लिहायची, आणि तिसऱ्यानं ती गोष्ट वाचून पान उलटल्यावर पुढचं चित्र काढायचं. नऊ वर्षांच्या भाच्यानं पहिल्याच पानावर रोही (नीलगाय) काढला. सोयाबीनमध्ये उभा, पाय जरा आखूड, मान मात्र हुबेहूब, चाहूल लागल्यावर वळवतो तशी. नारळ नाही, डोंगर नाही. माझ्या आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “काऊन रे बाबू, हा रोही कोनाकडं पाह्यते?”

भाचा गप्प झाला. मग त्यानं पेन्सिल घेऊन बांधावर एक बारकी आकृती काढली, हातात डबा वाजवणारा माणूस. जागलीला गेलेले त्याचे वडील. ‘मस्त’ म्हणून आईनं वही परत दिली असती तर तो माणूस चित्रात आलाच नसता. या कलेला समीक्षा हवी ती एवढीच, आणि ती घरातल्या कुणालाही करता येते.

माधुरी पुरंदऱ्यांचं ‘चित्रवाचन’ मी या कामासाठी अनेकांना सुचवतो, कारण त्यातली चित्रं मुलांना बोलतं करतात. २०१५मध्ये प्रथम बुक्सनं सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर तिथली चित्रं घेऊन आपल्या भाषेत आपली गोष्ट रचता येते. वऱ्हाडीत रचायलाही कुणाची आडकाठी नाही. तालुक्याच्या वाचनालयांनी आणि शाळांनी वर्षातली एक स्पर्धा कमी करून अशी एक वही गल्लीतून फिरवावी, असं मला फार वाटतं. भुलाबाईच्या महिन्यात तर खाऊच्या डब्याशेजारी झाकलेलं चित्रही ठेवता येईल.

उजव्या पानावरची गोष्ट आईनं सांगितली आणि बहिणीनं लिहून घेतली. रोही रोज रात्री येतो कारण हे शेत होण्याआधी तिथं त्याच्या आजीचं घर होतं. डबा वाजवणाऱ्याला हे ठाऊक आहे, म्हणून तो डबा हळूच वाजवतो. पान उलटून चित्र काढायची पाळी माझी होती. मला रोही जमत नाही, म्हणून मी शेतापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत नुसते खूर उमटवले आणि दार अर्धं उघडं ठेवलं. भाच्यानं ते पाहिलं, खूर मोजले, आणि म्हणाला, जाताना अकरा आहेत, येताना एकही नाही. वही सध्या आईकडं आहे.