काळी घागर, केशरी पाणी

यंदा फराळाच्या ताटाबरोबरच आमच्या भाच्याने छायाचित्रांचा एक गठ्ठा पुढे ठेवला. सारी आमच्या नांदेडच्या गोदावरीवर काढलेली. कुठे विष्णुपुरीचा जलाशय, कुठे नगीनाघाट; पण सूर्य तोच मावळता, पाणी तेच केशरी आणि त्यावर माणसांच्या काळ्याशार आकृत्या. घरच्या मंडळींनी "वा, वा!" केले. मी चकली मोडत गप्प राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्हाला आवडली नाहीत!"

तसे नव्हे. कसब त्याला साधले आहे. आकाशाच्या उजेडाला कॅमेरा लावला की समोरचा माणूस काळा पडतो. खाली बसून टिपले की त्याचे डोके क्षितिजाच्या वर निघते, काठाच्या काळोखात बुडत नाही. दिवसही हिवाळ्याचे निवडले. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तर काठावरून पाहताना पात्राच्या अंगाला मावळतो. पण एवढ्याने चित्र होते काय?

फोटोला आपण 'छायाचित्र' म्हणतो, पण त्यात खरी सत्ता छायेची असते ती या एकाच प्रकारात. छाया माणसाचा चेहरा काढून घेते आणि चाल तेवढी ठेवते. 'पाथेर पांचाली'त (1955) तळ्याच्या पाण्यात उलटी पडलेली ती वरात आठवा: खांद्यावर कावड घेतलेला मिठाईवाला, मागे पोरे, त्यांच्यामागे कुत्रे. चेहऱ्यांची गरजच पडत नाही. सारी आशा चालीत उतरली आहे. उलट बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये (1957) मृत्यूमागे आकाशाच्या कडेने नाचत जाणाऱ्यांत खरे नट थोडेच. बाकीचे निघून गेले होते, म्हणून तंत्रज्ञांना आणि काही प्रवाशांना कपडे चढवून उभे केले, असे त्यानेच सांगितले आहे. मृत्यूपुढे कोणीही चालतो, तिथे ते शोभले. पाणी भरणाऱ्या बाईच्या जागी चालेल?

कारण मंडळींना सर्वांत आवडले ते डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचे चित्र, आणि मला सलले तेही तेच. शेजारच्या लातूरला मांजरा धरण आटल्यावर 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर. अशा मुलखात घागर कितीही सुबक दिसो, मी आधी पाहतो ती भरलेली की रिकामी. काळ्या आकृतीतही ते लपत नाही, बरे का! भरल्या घागरीखाली मान खांबासारखी ताठ असते. इथे ती मजेत एका बाजूला कललेली.

"रिकामी होती ना रे?"

"हो मामा. घाटावर फिरायला आलेल्या एका बाईंना मीच धरायला सांगितली."

गठ्ठ्याच्या तळाशी एक चित्र होते, त्याच्या मते वाया गेलेले. सूर्य चौकटीबाहेरच राहिला होता. पायरीवर वाकून धोतर पिळणारा म्हातारा, दोन्ही मनगटे उलट्या दिशांना वळलेली, गुडघा जरा जपून टेकलेला, आणि पिळ्यातून सुटलेली पाण्याची एक उजळ धार. चेहरा नाहीच. त्याला मी अंधारातही ओळखीन. तेवढे एक मी मागून घेतले.