समुद्रतळाचीं ध्वनिचित्रें व पाठशुद्धि

खंबायतच्या आखातांत बुडालेल्या नगराचे अवशेष सांपडल्याची घोषणा त्या वेळचे केंद्रीय मंत्री मुरलीमनोहर जोशी यांनीं इ. स. २००१ मध्यें केली. आधार मुख्यतः 'साइड-स्कॅन सोनार' यंत्राच्या चित्रांचा होता. ३०-४० मीटर पाण्याखालीं त्यांत चौकोनी पाये दिसतात, असें सांगण्यांत आलें. त्या प्रमाणाचें परीक्षण हस्तलिखितें पाहणाऱ्यांच्या दृष्टीनें करण्याचें येथें योजिलें आहे.

हें यंत्र जहाजामागें ओढतात. तें दोन्ही बाजूंस तिरकस ध्वनि सोडतें, आणि परतलेल्या प्रतिध्वनींच्या एकेक ओळी जोडून चित्र बनतें. उमरग्याच्या जुन्या महादेवमंदिरावर सायंकाळचें तिरपें ऊन पडलें म्हणजे पुसट कोरीव काम उठून दिसतें. पण त्याच उन्हांत ओरखडाहि अक्षरासारखा भासतो. येथेंहि तसेंच आहे.

शिवाय हें चित्र म्हणजे मूळ नव्हे, नक्कल होय. जहाजाची गति बदलल्यास आकार ताणला वा आखडला जातो. यंत्र डोलल्यास रेषा वाकते. हे दोष गणितानें सुधारणें योग्यच. परंतु प्रतिध्वनींच्या मिश्रणानें उठणारे ठिपके, जे रडारच्या तिरकस चित्रांतहि असतात, ते सरासरीनें घालवितांना बारीक तपशीलहि जातो. आणि कडा ठळक केल्यास योगायोगाच्या रेषेस भिंतीचा डौल येतो. पदरचा शब्द घालून श्लोक नीटस करणाऱ्या संपादकाचाच हा मार्ग.

यावर उपाय दुसरी प्रत मिळविणें हाच. तोच तळ काटकोनांतील मार्गानें पुन्हां तपासावा. जहाजाच्या मार्गाबरोबर फिरणारी रेषा यंत्राची. जागीं राहणारी तळाची. तळाची रेषाहि मनुष्यकृत कीं खडकाची भेग, हें प्रत्यक्ष पाहूनच ठरेल. खंबायतेस वर काढलेल्या लांकडाचें वय सुमारें ९५०० वर्षें निघालें. तें लांकडाचें वय, पायाचें नव्हे. तेथील भरती-ओहोटीचे प्रवाह प्रबळ असल्यानें असा तुकडा दुरूनहि येऊं शकतो.

उलट द्वारकेस, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीनें एस्. आर्. राव यांच्या नेतृत्वाखालीं पाणबुड्यांनीं दगडी नांगर व घडीव दगड स्वतः पाहून नोंदविले. तेथील कालनिर्णयहि वादग्रस्त आहे. पण वादास हातीं धरण्याजोगी वस्तु आहे.

म्हणून सुधारलेल्या प्रत्येक चित्राबरोबर मूळ नोंद व केलेल्या संस्कारांची यादी प्रसिद्ध व्हावी. पाठभेद न देतां छापलेली पोथी आपण प्रमाण मानीत नाहीं. समुद्राच्या पोथीस निराळा न्याय कां?


उमरगा