ताटलीवरचा क्रूस

कर्जत-खालापूरकडच्या घरांत लोणच्याच्या बरणीला आजही ‘चिनी मातीची’ असेच म्हणतात. या नावात एक जुना व्यापार दडला आहे. आपल्याच जिल्ह्यातील चौलच्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. गोव्यात चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा वाड्यात अशी भांडी मांडलेली पाहावयास मिळतात.

या भांड्यांचा एक प्रकार संग्राहकांत ‘जेज्वीट वेअर’ म्हणून प्रसिद्ध आहे. १७४० च्या सुमारास युरोपीय मुद्राचित्रे समोर ठेवून चिनी कारागिरांनी ताटल्यांवर प्रभूचा जन्म व क्रूसावरील मरण रंगविले. नाव मात्र फसवे आहे. यांतील पुष्कळ माल युरोपीय व्यापारी कंपन्यांमार्फत श्रीमंतांच्या घरी गेला.

कला म्हणून पाहता काळ्या रेषेची नजाकत थक्क करते. परंतु वस्त्रासाठी फासे टाकणारे शिपाई आणि मरणारा प्रभू यांना रेषेने सारखेच वजन दिले आहे. भोवतीची सोनेरी नक्षी तर फुलांच्या ताटलीलाही तितकीच शोभली असती. दोष कारागिराचा नव्हे. त्याच्यापुढे चित्र ठेवले गेले, चित्राची कथा नव्हे.

जिंगदेझेन येथे राहिलेले जेज्वीट धर्मगुरू दांत्रकोल यांनी १७१२ च्या पत्रात लिहिले आहे की, एक भांडे तयार होईतो सत्तर हातांखालून जाते. त्याच पत्रात एका लहान ताटलीचा उल्लेख आहे. तिच्यावर पवित्र मरिया व संत योहान यांच्यामध्ये क्रूस होता. अशी भांडी पूर्वी जपानला जात, असे त्यांना सांगण्यात आले. तेथे १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी होती; इतर मालात मिसळून ती छळ सोसणाऱ्या भाविकांपर्यंत पोहोचत असावीत, असा फादरांचा तर्क. हजार वर्षांपूर्वीच्या उत्तम भांड्याहूनही ती ताटली त्यांना मोलाची वाटली.

माझ्या मते येथेच समीक्षकाची कसोटी लागते. तीही ताटली कथा न जाणणाऱ्या हातांनीच रंगविली असेल. पण तिची वाट पाहणारे कोणी तरी होते. घरांना आशीर्वाद देण्यास जातो तेव्हा शोकेसमध्ये, कपबश्यांच्या शेजारी, क्रूस ठेवलेला दिसतो. वाचकहो, त्याची जागा शोभेसाठी निवडली की प्रार्थनेसाठी, हे घरातल्या मुलांना एकदा विचारून पाहा.