वंशावळीत न मावणारे घर : कुलवृत्तांत, कोतवाल बुक आणि घरात सांगितलेल्या हकीकती

कुलवृत्तांत हा मराठीत शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिला जाणारा, पण समीक्षकांनी जवळपास हात न लावलेला ग्रंथप्रकार आहे. आपटे, पेंडसे, गोखले, साठे अशा कितीतरी घराण्यांचे जाडजूड वृत्तांत छापले गेले. ते ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या तळच्या फळीवर असतात आणि बहुधा त्या त्या आडनावाचा माणूसच ते मागतो. इतिहासाचे अभ्यासक त्यांना साधन म्हणून वापरतात. वाङ्मय म्हणून, म्हणजे कोणी कोणाविषयी काय आणि कसे सांगितले या दृष्टीने, ते फारसे वाचले गेलेले नाहीत. प्रस्तुत लेखात तसे वाचण्याचा प्रयत्न आहे. तो वर्धा जिल्ह्यातून करतो आहे, कारण इथल्या बहुसंख्य घरांना कुलवृत्तांत नाही आणि तरीही त्यांना आपला इतिहास आहे.

वि. का. राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे त्याचे 22 खंड झाले. घराघरांतील रुमाल आणि दप्तरे हा राष्ट्राचा ठेवा आहे, ही जाणीव त्या कामातून सुशिक्षित वर्गात पसरली. कुलवृत्तांत याच हवेत वाढले. त्यांचा साचा ठरलेला आहे. आधी गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. मग शाखा आणि पिढ्यांचे क्रमांक. मग प्रत्येक पुरुषाची नोंद : जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, मुले. पत्रव्यवहार करून, माहितीचे तक्ते भरून घेऊन, पदरमोड करून ही कामे झाली आहेत. त्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे. एका घराण्याची माणसे कोकणातून घाटावर, तिथून बडोदे, इंदूर, नागपूरला कशी पांगली, हे या ग्रंथांइतके तपशिलाने दुसरीकडे क्वचितच सापडते.

पण साच्याला स्वतःचे मत असते. स्त्री तिथे दोनदा येते : एकदा मुलगी म्हणून, अमक्यांकडे दिलेली, आणि एकदा बायको म्हणून, अमक्यांकडून आणलेली. दोन घराण्यांच्या दोन ग्रंथांत तिची अर्धी अर्धी नोंद असते आणि पूर्ण बाई कुठेच नसते. शिवाय नोंद मिळते ती यशाची. नोकरीत चढलेला दहा ओळी खातो, घर सोडून गेलेला एका ओळीत संपतो. भाऊ वेगळे का झाले, हे वृत्तांत सांगत नाही. ज्याला माहितीचा तक्ता पाठवायचा, तोच पुढे ग्रंथाची वर्गणीही भरणार असतो. अशा वेळी संपादकाने आणखी काय करावे?

आता वर्धा जिल्ह्याकडे येऊ. 1862 साली नागपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. आधीचे मुख्य ठिकाण पुलगावजवळचे कवठा होते. 1866 मध्ये ते पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्धा शहरात आले. मध्य प्रांतातली मालगुजारी पद्धत इथे होती. त्यामुळे मालगुजाराच्या घरात कागद असे. कुळाच्या, बलुतेदाराच्या, मजुराच्या घरात नसे. त्याचा कागद सरकारकडे होता : बंदोबस्ताच्या मिसली, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि कोतवाल बुक. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेले हे कोतवाल बुक म्हणजे विदर्भातल्या गरिबाचा कुलवृत्तांतच. त्यातल्या बहुतेक जुन्या जन्मनोंदींत बाळाचे नाव नसते. अमक्यास मुलगा झाला, अमक्यास मुलगी झाली, बापाची जात अमुक, एवढेच. आईचा पत्ता क्वचितच लागतो.

या नोंदीला आज जो भाव आला आहे तो इतिहासप्रेमामुळे आलेला नाही. जातपडताळणीसाठी वंशावळ लागते, तिच्यासोबत शपथपत्र लागते आणि जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा. मुलीचा मेडिकलचा प्रवेश, मुलाची नोकरी, सरपंचाची खुर्ची या कागदावर उभी असते. म्हणून तहसील कार्यालयात नकलेसाठी रांग लागते आणि घरातल्या म्हाताऱ्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारते, ‘तुमच्या आज्याचं नाव काय होतं?’

उत्तर मिळते, पण ते नावापाशी थांबत नाही. म्हातारा नाव सांगतो आणि त्याला जोडून आजा या गावात कसा आला ते सांगू लागतो. विचारणाऱ्याला घाई असते. त्याला पितृकुळातले नाव हवे असते. आजीचे माहेर, पहिली बायको, बैलजोडी कोणाकडे गहाण पडली, हे नको असते. प्रमाणपत्र हाती आले की चौकशी संपते. सध्या आपल्या जिल्ह्यात घराघरांतला इतिहास विचारला जातो आहे तो असा. इतका विचारला जाऊन इतका थोडा ऐकला गेलेला इतिहास दुसरा नसेल.

मी गेली काही वर्षे देवळी, आर्वी, हिंगणघाट या बाजूला अशा हकीकती ऐकतो आणि वहीत उतरवतो. सांगणाऱ्यांचे पंचांग निराळे असते. प्लेगचे साल, मानमोडीचे साल म्हणजे 1918 ची तापाची साथ, गांधीजी शेगावला राहायला आले ते साल, आष्टीचा गोळीबार, बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली ते साल. 1936, 1942, 1956 हे आकडे आपण नंतर बसवतो. देवळीकडच्या एका घरात थोरल्या शाखेने मला सांगितले की पणजा दुष्काळात वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडातून आला. धाकट्या शाखेतली वृद्ध सून म्हणाली, दुष्काळ कसला, भावांनी शेतातून हाकलले म्हणून आला. कोतवाल बुकात त्याच्या मृत्यूची एक ओळ आहे. तिच्यावरून यातले काहीच ठरत नाही.

अशा वेळी काय करावे? कुलवृत्तांतकार एक हकीकत निवडतो, आणि ती बहुधा अब्रूची असते. पडताळणीचा अर्जदार दोन्ही सोडतो. पण तिसरा मार्ग मराठीत तेराव्या शतकापासून आहे, आणि तो नदीपलीकडे रिद्धपूरला घडला. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, आणि ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. पुढे मूळ पोथी धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे पाठभेद आले. महानुभावांनी ते झाकले नाहीत. एकाला लीळा अशी आठवते, दुसऱ्याला तशी, हे त्या त्या माणसाच्या नावासह नोंदले. अशा भेदाला त्यांचा शब्द ‘वासना’. मराठी गद्याचा आरंभच असा सांगणाऱ्याचे नाव राखून झाला आहे. घराच्या इतिहासाला ही पद्धत का लावू नये?

आपल्या चांगल्या आत्मकथनांनी नकळत याच अंगाने काम केले आहे. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळक वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची हकीकत सांगतात आणि त्या सोवळ्याचे मूळ सत्तावनच्या बंडाच्या काळापर्यंत जाते. कुलवृत्तांतात हे सोवळे आले असते तर धर्मनिष्ठा म्हणून. इथे ते घरातल्या माणसांना सोसावे लागलेले दिसते. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) वडिलांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर उभे आहे आणि पुढच्या पिढीचे बोलणे त्याला येऊन मिळते. नंतरच्या इंग्रजी रूपात आई सोनूलाही स्वतःचा आवाज मिळाला. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. त्याच घराचा इतिहास आईच्या तोंडून निराळा होतो. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (2003) आईच्या हातचे बांबूचे विणकाम पुस्तकाला नाव देते. तिथे घराणे मोजायचे माप आडनाव नाही, कष्ट आहे.

तोंडी हकीकत म्हणजे सत्य, असे मात्र मी म्हणत नाही. ती सर्रास खोटे बोलते. निम्मी घराणी राजस्थानातून किंवा कुठल्यातरी किल्ल्यावरून आलेली असतात. दत्तक गेलेला, पाट लावलेली, कर्जात बुडवणारा, हे सगळे तिथेही गाळले जातात. दोन पिढ्यांची माणसे एकात मिसळतात. म्हणून कागदाशी ताडून पाहणे आवश्यकच आहे. पण ताडणे म्हणजे कागद जिंकला असे जाहीर करणे नव्हे. किल्ल्याची कथा खोटी ठरली तरी ती त्या घराला का लागली, हा प्रश्न खरा उरतो. आणि ज्या बाईचे नाव कोतवाल बुकात नाही तिच्याबद्दल कागदाला बोलण्याचा अधिकारच कुठे आहे?

तेव्हा कोणी आपल्या घराचे लिहायला बसत असेल तर माझी सूचना साधी आहे. प्रत्येक हकीकतीपुढे ती कोणी सांगितली आणि ते घरात कोण लागतात, हे लिहावे. दोन हकीकती जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात. घरात आलेल्या सुनांना आधी विचारावे. त्या बाहेरून आल्याने त्यांनी घर डोळसपणे पाहिलेले असते. आणि तहसीलच्या नकलेसाठी म्हाताऱ्या माणसाजवळ बसालच, तर नाव मिळाल्यावर लगेच उठू नये. कोतवाल बुक आणखी पन्नास वर्षे कपाटात राहील. म्हाताऱ्याचे तसे नाही.