‘ससून’ : दात्याचे नाव आणि दानाचा मनोरा

पुणे रेल्वे स्थानकाजवळ ससून रुग्णालयाची जुनी दगडी इमारत आपल्या मनोऱ्यासह आजही उभी आहे. तिच्याविषयीचे प्रचलित लेखन बहुधा दात्याच्या चरित्राने सुरू होते आणि त्याच्या औदार्यापाशी थांबते. बगदादमध्ये १७९२ साली जन्मलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून मुंबईत आले आणि कापूस व अफू यांच्या व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळविली. (यांपैकी अफूचा उल्लेख सहसा घाईने उरकला जातो.) रुग्णालयाचा पाया १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घातला गेला. १८६४ मध्ये ससून पुण्यातच निवर्तले. १८६७ मध्ये १४४ रुग्णांची सोय असलेली वास्तू पूर्ण झाली. हे सर्व खरे आहे. परंतु एवढ्याने या दानाचा इतिहास पुरा होत नाही. समाजाने ते दान कसे स्वीकारले याचा पुरावा बोलीत आहे, आणि तिकडे या लेखकांचे लक्ष गेलेले नाही.

‘ससून भरलं आहे’, ‘ससून लांब पडतं’ ही पुणेकरांची वाक्ये पाहावीत. व्यक्तीचा निर्देश असता तर क्रियापद आदरार्थी बहुवचनी पुल्लिंगी आले असते. येथे ते नपुंसकलिंगी एकवचनी आहे. ‘हॉस्पिटल’ वा ‘रुग्णालय’ हे पद लोपले आणि त्याचे लिंग मात्र विशेषनामाकडे आले. ‘ससूनला नेलं’ म्हणणाऱ्याच्या मनात बगदादचा कोणी व्यापारी नसतो. दात्याचे नाव टिकले ते दाता विसरला गेला म्हणूनच, असे म्हणणे विपरीत वाटेल. पण व्याकरण तेच सांगते. मुंबईचे ‘जे. जे.’ याच जातीचे. नाशिकरोडला ‘बिटको’ म्हणताना तरी दंतमंजन कोणाला आठवते? उलट नाशिक शहरात ‘सिव्हिलला नेलं’ असे म्हणतात. तेथे सरकारी व्यवस्थेचेच विशेषण नाम झाले आहे.

या विवेचनाची खरी कसोटी पुण्यातच मिळते. लष्कर भागातील ‘ओहेल डेव्हिड’ हे ज्यू प्रार्थनामंदिर त्याच दात्याचे, त्याच १८६३ ते १८६७ या वर्षांतले, आणि हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या त्याच वास्तुकाराचे. त्यालाही उंच मनोरा आहे. डेव्हिड ससून यांची समाधीही त्याच आवारात आहे. तरीही मराठी लोकांनी त्याला नाव दिले ‘लाल देऊळ’, विटांच्या रंगावरून. जेथे दाता प्रत्यक्ष विसावला आहे तेथे बोलीने त्याचे नाव घेतले नाही. जेथे रोगी जातात तेथे ते रोज घेतले जाते. नामकरणाचा निकष येथे कृतज्ञता नसून वापर होय.

म्हणून रुग्णालयाच्या मनोऱ्याला ‘दात्याचे स्मारक’ म्हणणे पटत नाही. गॉथिक वळणाची ही वास्तुशैली त्या काळच्या राज्यकर्त्यांची आहे, ससून कुटुंबाची नव्हे. खुद्द ‘मनोरा’ हा शब्द अरबी ‘मनारा’वरून आलेला, प्रकाशाचे स्थान या अर्थाचा. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री याच रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा विजेचे दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. असो.

अधिक गंभीर प्रश्न ‘धर्मादाय’ या शब्दाचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ कक अन्वये व उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. ‘धर्मादाय रुग्णालय’ ही आता कायद्याची संज्ञा झाली असून ती खाजगी विश्वस्तांच्या संस्थांना लागते. धर्मादायातूनच जन्मलेले ससून शासकीय असल्यामुळे तिच्या कक्षेबाहेर राहते. संज्ञा एका दारावर गेली, गरीब रोगी दुसऱ्या दारावर राहिला. स्थानिक इतिहासकार दात्याच्या देणगीचा आकडा नोंदवितात, पण हे अर्थांतर नोंदवीत नाहीत. बोलीने मात्र ते केव्हाच नोंदले आहे: ‘खाजगीत परवडत नसेल, तर ससूनला न्या.’