अद्भुतरम्य रणनीती-खेळांतील नगर आणि नकाशा : वेगळेपणाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत प्रादेशिक कादंबरीची चर्चा होते तेव्हा प्रदेश हा केवळ पडदा आहे की कथानक घडविणारी शक्ती आहे, हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ येतो आणि गाव ओस पडते; तेथे भूमी आणि माणूस यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. हाच निकष संगणकावरील अद्भुतरम्य रणनीती-खेळांनाही लावता येईल. या खेळांत काल्पनिक जमातींची नगरे वसविली जातात, सैन्य उभे केले जाते आणि नकाशावर सत्ता विस्तारली जाते. प्रत्येक नगर ‘वेगळे’ असल्याचा दावा असतो. परंतु हे वेगळेपण चित्राचे असते की जगण्याचे?

प्रस्तुत लेखात ‘मास्टर ऑफ मॅजिक’ (१९९४), ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) आणि ‘एंडलेस लेजंड’ (२०१४) या तीन खेळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. नगराचे वेगळेपण त्याच्या रूपात नसून नगर आणि नकाशा यांच्या परस्परसंबंधात असते, हे येथील प्रमुख प्रतिपादन होय.

रूप आणि नियम

‘हिरोज ३’ मूळ स्वरूपात आठ प्रकारची नगरे घेऊन आला. प्रत्येक नगराचे स्वतंत्र विहंगम चित्र, स्वतंत्र संगीत आणि प्राण्यांच्या सात श्रेणी आहेत. एका नगरात दिवसाला एकच इमारत बांधता येते आणि ती त्या चित्रात लगेच अवतरते. त्यामुळे नगर हळूहळू आपल्या हातून घडत असल्याचा प्रत्यय येतो. या चित्रांचे सौंदर्य वादातीत आहे. मात्र खेळाडूच्या स्मरणात नगर टिकते ते केवळ या चित्रामुळे नव्हे.

त्याचे खरे कारण नियमांत आहे. जवळजवळ प्रत्येक नगराच्या सैन्याला एक स्वभूमी दिलेली आहे : टॉवरला बर्फ, इन्फर्नोला लाव्हा, फोर्ट्रेसला दलदल. स्वभूमीवर लढताना सैन्याचा हल्ला, बचाव आणि वेग प्रत्येकी एका अंकाने वाढतो. प्रवासातही भूमीचा भार मोजला जातो. गवतावरील एका पावलाला १०० एकक श्रम पडत असतील, तर वाळूत व बर्फात १५० आणि दलदलीत १७५ पडतात. फरसबंद रस्त्यावर मात्र ५० पुरतात. सगळेच सैन्य स्वभूमीचे असेल तर हा जादा भार त्याला सोसावा लागत नाही. परिणामी, परक्यांची पावले जेथे अडखळतात तीच दलदल फोर्ट्रेसच्या सैन्याला अंगणासारखी असते. एकच नकाशा दोन खेळाडूंना दोन निरनिराळे देश म्हणून भेटतो. भूगोलाला अर्थ प्राप्त होतो तो येथे.

सैन्याच्या मनोधैर्याचा नियमही असाच बोलका आहे. सर्व तुकड्या एकाच गोटाच्या असतील तर मनोधैर्य वाढते; अनेक गोटांची सरमिसळ झाली की ते खालावते. जिंकलेले परके नगर आपला प्रकार सोडत नाही. तेथील सैनिक आपल्या फौजेत घेतले, तर त्या नगराचे परकेपण फौजेबरोबर चालू लागते.

या योजनेतील एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. कॅसल आणि रॅम्पार्ट या दोन्ही नगरांची स्वभूमी गवताळच आहे. रॅम्पार्ट हे एल्फ आणि युनिकॉर्न यांचे वननगर. परंतु नकाशावरील वृक्षराजी ही केवळ अडथळा असते. तीतून एल्फांनाही वाट मिळत नाही. वनवासींना वन परके, असा हा विरोधाभास आहे. चित्राने दिलेले वचन येथे नियमाने पाळलेले नाही.

सीमा आणि विभाग

केविन लिंच यांनी ‘द इमेज ऑफ द सिटी’ (१९६०) या ग्रंथात शहराची मनःप्रतिमा पाच घटकांनी घडते असे मांडले : मार्ग, कडा, विभाग, केंद्रस्थाने आणि खुणेच्या जागा. या दृष्टीने पाहता ‘हिरोज ३’चा नकाशा मार्ग आणि खुणेच्या जागा यांनी समृद्ध आहे. खाणी, पहाऱ्यातील खिंडी आणि देवळे खेळाडूच्या ध्यानात राहतात. विभागांची जाणीव मात्र क्षीण आहे.

‘एंडलेस लेजंड’ने हीच बाजू भक्कम केली. त्यातील भूमी नावे असलेल्या विभागांत वाटलेली असून एका विभागात एकच नगर वसविता येते. नगर षट्कोनी घरांवर वस्त्यांच्या रूपाने पसरत जाते. नदी, डोंगर, किनारा यांप्रमाणे त्याला आकार येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक जमात हा नकाशा निराळ्या रीतीने वाचते. ब्रोकन लॉर्ड्सना अन्न लागत नाही. लोकसंख्या वाढविण्यासाठी ते ‘डस्ट’ हे धन खर्च करतात. सुपीक खोरे म्हणूनच त्यांच्या लेखी फारसे मोलाचे नाही. कल्टिस्ट एकाच नगरावर राज्य उभारतात आणि छोट्या जमातींची गावे आपल्या पंथात ओढतात. रोव्हिंग क्लॅन्सची नगरे तर प्रचंड कीटकांच्या पाठीवर स्थलांतर करतात.

अर्थात येथेही एक मर्यादा आहे. वस्तीभोवती चार वस्त्या झाल्या की तिचा दर्जा वाढतो. साहजिकच खेळाडू या हिशेबाने बांधकाम करू लागतो आणि भूमीचे अनुनय करणारे नगर ठरावीक साच्याकडे झुकते. लाभाचे गणित सर्वांना समान असेल, तर वेगळेपण हळूहळू झिजते.

वेगळेपण की प्राक्तन?

या चर्चेतील सर्वांत गंभीर प्रश्न याहून पुढचा आहे. ‘हिरोज ३’मध्ये बहुतेक नगरांना मंत्रविद्येच्या पाचव्या पायरीपर्यंत जाता येते, कॅसलला चौथ्या पायरीवर थांबावे लागते. स्ट्राँगहोल्ड आणि फोर्ट्रेस यांची विद्या तिसऱ्या पायरीवरच संपते. ही नगरे अनुक्रमे ओसाड माळाची आणि दलदलीची. खेळाचा तोल राखण्यासाठी ही योजना समर्थनीय ठरेल. तथापि ‘कठीण भूमीतील लोक बलदंड पण अल्पविद्य’ हे वासाहतिक काळातील भूगोलात रुजलेले समीकरण तीत नकळत पुन्हा उमटते. येथे वेगळेपणाचे रूपांतर प्राक्तनात होते.

‘मास्टर ऑफ मॅजिक’ही या दोषातून पूर्णतः मुक्त नाही. त्यातील चौदा वंशांपैकी अनेकांना काही इमारती बांधताच येत नाहीत. परंतु त्या खेळाने एक सूक्ष्म जाणीव दाखविली. जिंकलेल्या नगरातील लोक आपला वंश टिकवून राहतात आणि राजधानीच्या वंशाशी त्यांचे नाते कसे आहे यावर तेथील असंतोष ठरतो. विजेत्याला नवे सैन्य लाभते, पण त्याबरोबर नाराज प्रजाही लाभते. येथे नगराचे वेगळेपण त्याच्या उणिवेतून व्यक्त होत नाही. सत्तेशी असलेल्या त्याच्या नात्यातून ते व्यक्त होते, म्हणून ते अधिक सखोल वाटते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, चित्र आणि संगीत नगराची ओळख करून देतात. ती ओळख टिकविण्याचे कार्य नियम करतात. दुसरी, नकाशा सर्वांना सारखाच दिसत असला तरी तो प्रत्येकाला निराळा वाचावा लागला पाहिजे. तिसरी, वेगळेपण देताना एखाद्या समूहाला काय नाकारले जात आहे आणि त्यामागे कोणती गृहीते आहेत, याची तपासणी आवश्यक आहे. काल्पनिक जग निर्माण करणारा नवा रचनाकार यापैकी तिसऱ्या बाबीकडे सहज दुर्लक्ष करू शकतो, कारण तेथे कोणी तक्रार करणारे नसते. दलदलीतील लोकांना ग्रंथालय का नाही, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेने विचारला पाहिजे.